राखीव जागा कुणाच्या मतांची?

अमडापूरला वस्तीवरच्या बैठकीत कॉलेजात शिकणाऱ्या एका पोराने मला विचारले, "काका, आपला बुलढाणा लोकसभा मतदारसंघ इतकी वर्षे राखीव होता. मग आपल्या पक्षाचा खासदार एकदाच कसा झाला?" प्रश्न साधा आहे, पण आपल्या कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांना त्याचे उत्तर देता येत नाही.

१९७७ ते २००४ या राखीव काळात येथे नऊ निवडणुका झाल्या. पहिलीत रिपब्लिकन पक्षाच्या खोब्रागडे गटाचे दौलत गुणाजी गवई निवडून आले. ती आणीबाणीनंतरची जनता लाट होती. पुढे १९८० ला काँग्रेसचे बाळकृष्ण वासनिक. १९८४, १९९१ आणि १९९८ ला मुकुल वासनिक. १९८९ ला भाजपचे सुखदेव काळे. १९९६, १९९९ आणि २००४ ला शिवसेनेचे आनंदराव अडसूळ. माणसे अनुसूचित जातींतली, पण तिकीट देणारे हात दुसऱ्यांचे.

याचे मूळ २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. ब्रिटिशांच्या जातीय निवाड्याने दिलेला स्वतंत्र मतदारसंघ गेला आणि संयुक्त मतदारसंघ आला. तरी करारात एक तरतूद होती: अस्पृश्य मतदारांनी आधी आपले चार उमेदवार निवडायचे आणि मग सर्वांनी मिळून त्यांतला एक. राज्यघटनेत राखीव जागा आल्या, ही प्राथमिक निवडणूक आली नाही. म्हणजे राखीव असते ती उमेदवारी. मत राखीव नसते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जाती सुमारे १८ टक्के होत्या. उरलेल्या ८२ टक्क्यांना जो चालेल तोच आपला प्रतिनिधी!

१९९८ ची निवडणूक तर डोळे उघडणारी आहे. त्या वर्षी महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार झाले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर-मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही मतदारसंघ तेव्हा खुले होते. अकोला तर आपल्या शेजारचा. आणि बुलढाण्याच्या राखीव जागेवर मात्र काँग्रेस. हे चौघे काँग्रेसशी झालेल्या समझोत्यामुळे आले, हे मान्यच आहे. पण माझ्या मते खरी गोष्ट त्यातच आहे. खुल्या जागेवर आपली मते हवी असतील तर आपल्या पक्षाला जागा सोडावी लागते. राखीव जागेवर त्यांना स्वतःचा दलित उमेदवार उभा करून भागवता येते.

२००९ पासून मतदारसंघ खुला आहे आणि चारही वेळा प्रतापराव जाधव निवडून आले. २०१९ ला ते १,३३,२८७ मतांनी जिंकले, तर वंचित बहुजन आघाडीच्या बळीराम सिरस्कारांना १,७२,६२७ मते पडली. लगेच ओरड झाली की वंचितने मते खाल्ली. खाल्ली म्हणजे काय? ती मते कुणाच्या ताटातली होती? त्यांत ओबीसींचीही होती हे खरे. पण इतकी वर्षे दुसऱ्यांच्या बेरजेत बुडालेली आपली मते निदान वेगळी मोजता आली.

"मग राखीव जागाच नको म्हणायचे का?" पोराने पुढे विचारले. मी नाही म्हणालो. राखीव नसती तर यांनी तेवढीही तिकिटे दिली नसती. मी त्याला मेहकर विधानसभेचा हिशेब काढायला सांगितला आहे. ती जागा २००९ पासून राखीव आहे. तेथे तीनदा शिवसेनेचे संजय रायमुलकर आले आणि २०२४ ला ठाकरे गटाचे सिद्धार्थ खरात.