दिवाणी दावा, फौजदारी बचाव

नगरच्या जिल्हा न्यायालयात बांधाच्या दाव्यात मनाई हुकूम मागणारा वकील त्याच दिवशी आरोपीतर्फे उलटतपासही घेतो. दाव्यात शक्यतेचे पारडे झुकले तरी पुरते. फौजदारीत गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. साक्षीदार फितूर झाले की खटलाच ढासळतो. खर्ड्याच्या नितीन आगे हत्या खटल्यातील नऊ आरोपी 23 नोव्हेंबर 2017 रोजी असेच सुटले; तो निकाल आजही सलतो. सहाच दिवसांनी इथेच कोपर्डी बलात्कार व हत्या प्रकरणात तिघांना फाशी सुनावली गेली.

दिवाणी समन्स आले, तर कैफियत 30 दिवसांत, फार तर 90 दिवसांत द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतील व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही.