नदी नसलेल्या देशात निंफचा गळ

सौदी अरेबियात बारमाही वाहणारी नैसर्गिक नदी एकही नाही. तरीही रियाधच्या दक्षिण भागात वादी हनीफाच्या पात्रात वर्षभर पाणी वाहते. बांधांवरून ते खळाळते, दगडांच्या आडोशाला डोह धरते आणि पुढे हाइरच्या तळ्यांकडे जाते. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी तेथे गळ टाकून बसलेली माणसे दिसतात. आखातात राहणाऱ्या ज्या मराठी माणसाला वाहत्या पाण्यातील निंफ-मासेमारी शिकायची आहे, त्याच्यासाठी हाताशी असलेली शाळा हीच.

वादी म्हणजे एरवी कोरडे आणि पावसात भरणारे खोरे. सुमारे 120 किलोमीटर लांबीची ही वादी तुवैक डोंगररांगेकडून येते आणि ऐतिहासिक दिरियाजवळून, रियाध शहराला वळसा घालत आग्नेयेकडे उतरते. तिच्यातील आजचा कायमचा प्रवाह मुख्यतः शहरात वापरल्या गेलेल्या, प्रक्रिया केलेल्या पाण्याचा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या पात्राची कचराकुंडी झाली होती. 2001 पासून रियाधच्या विकास प्राधिकरणाने त्याचे पुनरुज्जीवन हाती घेतले आणि 2010 मध्ये या कामाला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

मासेमारी शिकणाऱ्याने या प्रकल्पातील एक गोष्ट नीट समजून घ्यावी. येथील जैविक शुद्धीकरण केंद्रात 134 कप्पे आहेत. तेथे पाण्यात हवा मिसळली जाते आणि तळाशी शेवाळ व सूक्ष्मजीव वाढतील अशी व्यवस्था केली जाते. पाण्यातील पोषकद्रव्ये शेवाळ घेते, शेवाळावर किडे जगतात आणि दोहोंवर मासे. त्यांतला प्रमुख मासा तिलापिया, म्हणजे उजनीच्या काठी ज्याला ‘चिलापी’ म्हणतात तोच. पाणी स्वच्छ करणारी ही साखळी तळाशी चालते, आणि निंफचा गळही तळाशीच टाकायचा असतो.

निंफ म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची अपक्व अवस्था. चतुर, मे-माशी यांसारखे कीटक आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली, दगडांच्या खाचांत आणि गाळात काढतात. पंख फुटल्यावरचे त्यांचे आयुष्य त्या मानाने थोडके. साहजिकच माशाच्या आहाराचा बराचसा भाग पृष्ठभागाखालीच मिळतो. कोकणात गरवायला जाणारा गरीला कोळंबी किंवा गांडूळ लावतो. निंफ-मासेमारीत आमिष खरे नसते. लहान गळावर पिसे, तार आणि दोरा गुंडाळून त्या किड्याची प्रतिकृती बांधलेली असते.

ही पद्धत इंग्लंडमध्ये वादातून रुजली. पाण्यावर तरंगणारी माशीच वापरणे सभ्य, असे तेथील प्रतिष्ठित मंडळी मानीत. लंडनचे वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी 1910 मध्ये पुस्तक लिहून या समजुतीला आव्हान दिले. पुढे एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तार वापरून फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या तंतूंचा निंफ बांधला. तारेच्या वजनाने तो चटकन खाली जातो. आजही जगभर तो वापरला जातो.

हिवाळ्याचा संबंध माशाच्या शरीराशी आहे. मासा शीतरक्ताचा. पाणी गार झाले की त्याची भूक आणि हालचाल दोन्ही मंदावतात. आमिषामागे तो धावत नाही, संथ आणि खोल जागी थांबतो आणि तोंडासमोर आले तेवढेच घेतो. युरोपच्या थंड नद्यांत ग्रेलिंग माशासाठी हिवाळ्यात निंफ वापरतात तो याच कारणाने. तिलापिया तर उष्ण पाण्याचा मासा. पाणी 16-17 अंशांखाली गेले की तो खाणे जवळजवळ सोडतो. रियाधमध्ये जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरू शकतो. म्हणून पहाटेची घाई करू नये. ऊन चढल्यावर, दुपारच्या सुमारास जावे. शहरातून येणारे पाणी हिवाळ्यात हवेपेक्षा उबदार असते, हेही लक्षात ठेवावे.

साधने थोडी लागतात: नऊ-दहा फुटांची हलकी काठी, बारीक दोर, धातूचा मणी लावलेले दोन-तीन लहान निंफ आणि दोरावर खुणेसाठी एक छोटे बूच. बूच आणि निंफ यांतील अंतर पाण्याच्या खोलीच्या साधारण दीडपट ठेवावे. उभे राहण्यासाठी बांधाखालची अशी जागा निवडावी, जेथे खळाळ संपून पाणी खोल होऊ लागते. निंफ प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकावा आणि तो आपल्याकडे वाहत येताना काठी हळूहळू उचलून ढिला दोर आवरून घ्यावा.

खरे कौशल्य यापुढे आहे. तळाच्या घर्षणामुळे खालचे पाणी वरच्यापेक्षा सावकाश वाहते. वरच्या पाण्याने दोर ओढला की निंफही खऱ्या किड्यापेक्षा वेगाने पळतो, आणि मासा त्याला तोंड लावत नाही. पृष्ठभागावरील बुडबुड्यांपेक्षा बूच किंचित मागे पडत असेल, तर निंफ योग्य थरात आहे असे समजावे. अधूनमधून तो तळाला घासलाही पाहिजे. तिलापिया आमिष हळुवार शोषतो आणि खोटे वाटताच थुंकतो. हाताला झटका बसण्याची वाट पाहणाऱ्याचा मासा केव्हाच गेलेला असतो. बूच क्षणभर थबकले, तिरपे झाले की काठी अलगद उचलावी. दहापैकी नऊ वेळा दगड लागेल, पण दहाव्या वेळेसाठी हा नियम पाळावाच लागतो.

काही पथ्ये मात्र कडक आहेत. हे महानगराचे सांडपाणी आहे. प्रक्रियेनंतरही अशा पात्राच्या गाळात जड धातू साचू शकतात आणि तळाशी चरणाऱ्या माशाच्या शरीरात ते उतरू शकतात. मासा घरी नेऊन कालवण करण्याचा मोह टाळावा, ओल्या हाताने धरून सोडून द्यावा. त्यासाठी गळाचा काटा चिमट्याने दाबून टाकावा. पाण्यात उतरू नये आणि परतल्यावर हात साबणाने धुवावेत. तिलापिया येथील मूळचा नाही, तो दुसऱ्या पाणवठ्यात नेऊन सोडू नये. उद्यानाच्या भागातील सूचनाफलक वाचून, जेथे मनाई नाही तेथेच गळ टाकावा. नोव्हेंबर ते एप्रिल हा येथील पावसाचाही काळ आहे. वर कोठे पाऊस पडला तरी खाली आभाळ निरभ्र असताना लोंढा येऊ शकतो. ढग दिसताच वादी सोडावी.

ट्राउटच्या नद्या येथून फार दूर आहेत. पण निंफ योग्य वेगाने तळाशी वाहू देण्याची सवय एकदा हाताला लागली, की ती कोणत्याही वाहत्या पाण्यात उपयोगी पडते. दगड उलटून खाली कोणते किडे आहेत हे पाहण्याची सवय तर आणखी मोलाची. जेथे किडे नाहीत तेथे मासा नाही, आणि तेथील पाणीही बहुधा निरोगी नाही.