सेंट आइव्हजचा कौल

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरचं सेंट आइव्हज उन्हाळ्यात पर्यटकांनी फुलतं. सुट्टीपुरती घरं घेणाऱ्यांमुळे भाव स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेले. मे 2016 मध्ये गावाने सार्वमत घेतलं: नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच. अशी अट असलेल्या आराखड्याला सुमारे 83 टक्के मतं पडली. 2011च्या लोकलिझम कायद्यामुळे गावांना असा आराखडा ठरवण्याचा अधिकार मिळाला होता. प्रकरण हायकोर्टात गेलं, गाव जिंकलं.

पळवाट उरलीच! अट नव्या बांधकामापुरती, म्हणून सुट्टीवाले जुन्या घरांकडे वळले.

तरी कौल गावाचाच होता. इंग्लंडमधल्याच ब्रिस्टल शहरानेही असाच कौल दिला: 2012 साली मतदानाने थेट निवडून येणारा महापौर आणला, 2022 साली मतदानानेच ते पद मोडीत काढलं. आपल्याकडे नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, हे विधिमंडळ ठरवतं. मतदाराला कुणी विचारत नाही.