वाचनाची ॲप्स आणि प्राथमिक वर्ग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वाचनाची सगळी ॲप्स म्हणजे एकाच माळेचे मणी, हा पहिला गैरसमज. पुढचे बरेचसे त्यातूनच निघतात. प्रत्यक्षात या साधनांची कामे वेगवेगळी आहेत. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेले ‘स्टोरीवीव्हर’ हे मुळात ग्रंथालय आहे. त्यातली मराठीसह अनेक भाषांतली चित्रपुस्तके चार पातळ्यांत लावलेली आहेत आणि मुक्त परवान्याची असल्याने ती छापूनही वापरता येतात. गूगलने 2019 मध्ये भारतात ‘बोलो’ नावाने आणलेले आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेले ॲप मुलाचे मोठ्याने वाचणे ऐकते, अडलेल्या शब्दाला मदत करते. ‘दीक्षा’ पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून धड्याचे साहित्य उघडून देते. वर्गात नेमके काय करायचे ते ठरल्याशिवाय यातले चांगले कोणते, या प्रश्नाला अर्थ नाही.

पडद्यावर वाचलेले डोक्यात राहत नाही, असे एक मत. पडदा हाती दिला की मुले आपोआप वाचू लागतात, असे दुसरे. संशोधन दोन्ही मतांना पुरती साथ देत नाही. फ्यूरेनेस, कुसिरकोवा आणि बस यांनी 2021 मध्ये 1 ते 8 वर्षांच्या मुलांवरचे 39 अभ्यास एकत्र तपासले. तीच गोष्ट, फरक फक्त कागद की पडदा एवढाच, अशा तुलनेत कागद सरस ठरला. डिजिटल पुस्तकात कथेला धरून भर घातलेली होती, तिथे मात्र पारडे पडद्याकडे झुकले. अर्थ सांगणाऱ्या अंगभूत शब्दकोशाने शब्दसंग्रह वाढला, पण कथा समजायला त्याची मदत झाली नाही. कधी अडथळाच झाला. म्हणजे बोट टेकवताच माकड उडी मारते, एवढ्याने पुस्तक चांगले ठरत नाही. ती उडी गोष्टीत घडत असेल तर ठीक, नाहीतर मूल माकडाशी खेळते आणि ओळ तशीच राहते.

ॲपने सगळे तारे दिले, म्हणजे मुलाला वाचता आले, हा समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. गफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचून समजणे हा छापील शब्द वाचता येणे आणि भाषेची समज यांचा गुणाकार आहे. दोहोंपैकी एक शून्य, तर उत्तरही शून्य. उच्चार ऐकणारे ॲप मुख्यतः यातली पहिली बाजू तपासते. ‘नदीला पूर आला’ हे वाक्य स्पष्ट वाचणाऱ्या मुलाला पूर म्हणजे काय हे माहीत नसेल, तर ते ताऱ्यांवरून कळत नाही. उलटही घडते. घरी ‘पानी’ म्हणणारे मूल ‘पाणी’ हा शब्द तसाच उच्चारते. ती त्याची बोली आहे, वाचनातली चूक नव्हे. हा फरक शिक्षकाला कळतो, यंत्राला कळेलच असे नाही. शिवाय भरल्या वर्गाच्या गलक्यात कुणाचा आवाज टिपला गेला, हाही प्रश्न उरतो. गोष्ट दोन-तीनदा ऐकली की काही मुले ती चित्रांवरून पाठ म्हणतात. मधलीच एखादी ओळ वाचायला सांगितली की ते उघडे पडते. त्यामुळे शिक्षकाचे काम कमी होत नाही, थोडे बदलते.

प्रत्येक मुलाला टॅब आणि सतत इंटरनेट हवे, हेही खरे नाही. आधी उतरवून ठेवलेली गोष्ट एका पडद्यावर सगळ्या वर्गाला दाखवून एकत्र वाचता येते.

राहता राहिला पातळ्यांचा मुद्दा. पातळी 1 म्हणजे इयत्ता पहिली नव्हे. ‘असर’ 2024 च्या सर्वेक्षणात ग्रामीण भारतातली पाचवीची 48.8 टक्केच मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. त्यामुळे पुस्तक निवडताना आधी मुलाला एक पान वाचायला लावून पाहावे लागते. पाचवीतल्या एखाद्याला पहिल्या पातळीचे पुस्तक लागेल, तर दुसरीतली एखादी मुलगी तिसऱ्या पातळीचे सहज वाचेल.