धोक्याचा इशारा खरा कशावरून?

२० जुलै २०२३ ची सकाळ. आदल्याच रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली होती आणि कोकणात पावसाचा जोर कायम होता. साडेदहाच्या सुमारास महाराष्ट्रात असंख्य मोबाइल एकाच वेळी कर्कश वाजू लागले, थरथरले आणि पडद्यावर 'इमर्जन्सी अलर्ट' अशी चौकट उमटली. तो दूरसंचार विभागाचा चाचणी संदेश होता आणि त्याकडे दुर्लक्ष करावे, असे त्यातच लिहिले होते. तरीही 'फोन हॅक तर झाला नाही ना?' अशी शंका अनेकांना आली. शास्त्राच्या दृष्टीने ही शंका अगदीच निराधार नाही.

एसएमएस पत्रासारखा, हा इशारा दवंडीसारखा

साधा एसएमएस पोस्टमनसारखा असतो. तो एकेका नंबरवर जातो, गर्दी झाली की अडकतो. धोक्याच्या इशाऱ्यासाठी वापरले जाणारे 'सेल ब्रॉडकास्ट' तंत्र गावातल्या दवंडीसारखे आहे. टॉवर एकदाच संदेश सोडतो आणि त्याच्या पट्ट्यातले सगळे फोन तो काही सेकंदांत ऐकतात. त्यासाठी कोणाचाही नंबर लागत नाही. भारतात 'सी-डॉट' या सरकारी संस्थेने ही यंत्रणा विकसित केली असून ती राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणासाठी वापरली जाते.

गावात दवंडी पिटणारा माणूस ओळखीचा असे, म्हणून त्याला कोणी पुरावा मागत नसे. मोबाइलमध्ये मात्र दवंडी कोण पिटतो आहे, हे दिसतच नाही. ४जी नेटवर्कला जोडले जाताना फोन आणि टॉवर एकमेकांची ओळख पटवतात. पण इशारा येतो तो ही ओळख पटण्याच्या आधीच, टॉवर सर्वांसाठी सतत प्रसारित करत असलेल्या माहितीतून. तिच्यावर डिजिटल सही नसते. त्यामुळे संदेश नियमाप्रमाणे मांडलेला असला की फोन तो दाखवतो आणि भोंगा वाजवतो.

एक वॅटचे खोटे टॉवर

या उणिवेचा अर्थ काय, हे अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सहकाऱ्यांसह दाखवून दिले. बाजारात मिळणारी रेडिओ यंत्रे आणि खुले सॉफ्टवेअर वापरून त्यांनी प्रयोगशाळेच्या बंदिस्त वातावरणात फोनवर खोटे इशारे उमटवले. मग गणित मांडले. प्रत्येकी एक वॅट क्षमतेचे चार छोटे खोटे टॉवर असतील, तर ५० हजार आसनांच्या स्टेडियममधील सुमारे ९० टक्के फोनवर बनावट इशारा पोहोचू शकतो. प्रयोग अमेरिकी यंत्रणेवर झाला असला, तरी सेल ब्रॉडकास्टची मूळ मानके जगभर सारखीच आहेत.

खोटे टॉवर आता प्रयोगशाळेपुरते राहिलेले नाहीत. २०२४ मध्ये लंडन आणि बँकॉक येथे पोलिसांनी अशी यंत्रे पकडली. बँकॉकमध्ये ते गाडीत ठेवून शहरभर फिरवले जात होते. हेतू होता फसवणुकीचे एसएमएस पाठवण्याचा.

आणि चुकीच्या इशाऱ्यासाठी दर वेळी चोरच लागतो असेही नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई बेटांवर क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा गेला तो आपत्ती विभागातील कर्मचाऱ्याच्या चुकीने. तो खोटा असल्याचा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटे लागली.

कोकणात हा प्रश्न जिव्हाळ्याचा

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक जणांचा जीव गेला. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, वीज गेली, मोबाइल नेटवर्क कोलमडले. अशा ठिकाणी वेळेवर मिळालेली पाच मिनिटेही माणसे वाचवतात. म्हणूनच ही यंत्रणा रत्नागिरी जिल्ह्याला हवीच आहे.

पण त्याच आठवणींमुळे 'धरण फुटले' असा बनावट इशारा पावसाळ्याच्या रात्री इथे आला, तर तो कोणी खोटा मानणार नाही. अंधारात अरुंद गल्ल्यांतून, घाटरस्त्यांवरून पळापळ होईल. शिवाय खरे टॉवर बंद पडले की फोन मिळेल त्या सिग्नलच्या शोधात असतो आणि खोट्या टॉवरला सहज गळाला लागतो. म्हणजे आपत्तीच्या वेळीच फसण्याची शक्यता वाढते. आणि 'लांडगा आला रे' एकदा खोटे ठरले, की पुढचा खरा इशारा लोक बंद करून झोपतात. त्याची किंमत सर्वांत मोठी.

उपाय माहीत आहे. इशाऱ्यावर डिजिटल सही असावी आणि फोनने ती तपासूनच भोंगा वाजवावा. अडचण अंमलबजावणीची आहे. सही तपासण्याची किल्ली प्रत्येक कंपनीच्या, जुन्या-नव्या, परदेशातून आलेल्या फोनमध्येही हवी आणि तपासणीत वेळही जाता कामा नये. ५जीमध्येही अशी सही बंधनकारक झालेली नाही.

आपण काय करावे?

- फोनमधील इशारे बंद करू नका. खोट्या इशाऱ्याची शक्यता कमी आहे, पुराची आणि दरडीची जास्त.
- इशारा आला की आधी सुरक्षित जागी जा, मग खात्री करा. नदीकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांनी हा क्रम उलटा करू नये.
- खात्रीसाठी दुसरा मार्ग वापरा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक, आकाशवाणी, 'सचेत' ॲप, ग्रामपंचायत किंवा पोलीस पाटील. खोट्या टॉवरचा पल्ला मर्यादित असतो, त्यामुळे जवळच्या दुसऱ्या वाडीतील आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असलेल्या नातेवाइकांना इशारा आला का, हे विचारणेही उपयोगी ठरते.
- इशाऱ्यात ओटीपी, बँकेची माहिती किंवा पैसे मागितले असतील, तर तो खोटाच समजा.
- बऱ्याच नव्या अँड्रॉइड फोनमध्ये '२जी' बंद करण्याची सोय आहे. खोट्या टॉवरवरून येणारे एसएमएस त्याने बरेचसे टळतात. मात्र तुमच्या गावात फक्त २जीच मिळत असेल, तर ते सुरू ठेवा.

ग्रामपंचायतींनीही पावसाळ्यापूर्वी एवढे ठरवावे, की मोबाइलवर इशारा आल्यावर त्याची खात्री कोणी करायची आणि देवळाच्या किंवा मशिदीच्या भोंग्यावरून वाडीला कोणी सांगायचे. नेटवर्क गेले तरी हा आवाज पोहोचतो, आणि तो कोणाचा आहे हे सगळ्यांना ओळखता येते.