माईकची वायर घरीच जोडा

जयंतीची सभा रंगात येते आणि नेमका तेव्हाच माईक खरखरतो. अशी वायर लगेच टाकून देऊ नये, असे आम्ही सुचवतो. वाकून वाकून ती बहुधा पिनजवळच तुटते; मधली वायर शाबूत असते. माहीमकरांनी लोकलने ग्रँट रोड गाठावे. लॅमिंग्टन रोडवर नवी पिन मिळते. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न घरकामाला पुरते.

वायर अॅम्प्लिफायरपासून सोडवावी. कोणती तार कुठे आहे, ते कागदावर लिहून मगच खराब टोक कापावे. नव्या पिनचे झाकण आधी वायरीत ओवावे. मागाहून ते चढत नाही. साध्या मोनो पिनीत आतली तार टोकाच्या पट्टीला, जाळीची तार बाहेरच्या पट्टीला. तीन काड्यांच्या पिनीत जाळी १ नंबरला. आधी जोड तापवावा, मग कथील टेकवावे. दोन्ही तारा एकमेकींना टेकू देऊ नयेत.

कथिलात बहुधा शिसे असते. म्हणून खिडकी उघडी ठेवावी, काम झाल्यावर हात धुवावेत, लहानग्यांना दूर ठेवावे. मोठ्या मुलामुलींना मात्र जवळ बसवून शिकवावे. ज्या घरात हे काम येते, त्या घराला सभेच्या दिवशी कारागिराची वाट पाहावी लागत नाही.