काळी माती, कातडी आणि कीटकनाशक

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. आमच्या अकोला जिल्ह्यातही मृत्यू झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती. फवारा पिकावर पडून अंगावरच परतत होता. नंतर शासनाने अमरावती विभागात मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट यांच्यासह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. तोंडाला रुमाल बांधा, असा उपदेश गावोगाव झाला. तो चुकीचा नव्हे, पण अपुरा. फवारणाऱ्याच्या शरीरात जाणाऱ्या विषाचा मोठा रस्ता नाक नसून कातडी आहे.

कातडीचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि तो केसाहूनही पातळ असतो. पेशींच्या सांध्यांत चरबी भरलेली असते. पाण्याला ती अडवते. तेलात विरघळणारे द्रव्य मात्र तिच्यातूनच वाट काढते. आपली बरीच कीटकनाशके याच जातीची. त्यात घाम, ऊन आणि पंपाच्या पट्ट्याने सोललेला खांदा.

हा थर सगळीकडे सारखा नसतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ हॉवर्ड मायबाख आणि सहकाऱ्यांनी १९७१ साली पॅराथिऑन माणसांच्या निरनिराळ्या अवयवांवर लावून मोजमाप प्रसिद्ध केले. कोपराखालच्या हातातून सुमारे ९ टक्के आत गेले, पोटावरून १८, कपाळावरून ३६, काखेतून ६४ आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळेच. (मायबाख यांचे त्या काळातले बरेच प्रयोग तुरुंगातल्या कैद्यांवर झाले होते, त्याबद्दल त्यांच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये माफी मागितली. हे आकडे वापरताना मला तेही आठवते.) आता पाठीवरचा गळका पंप डोळ्यांपुढे आणा. ओघळ कमरेवरून जांघेत उतरतो, ओली चड्डी दिवसभर तिथेच चिकटलेली. नुसते हातमोजे वाटून काय साधणार?

जमिनीत मुरलेल्या विषाची गोष्ट थोडी वेगळी. डीडीटीचा शेतीतला वापर आपल्याकडे १९८९ मध्ये बंद झाला, पण ते मातीत वर्षानुवर्षे टिकते. १९९० साली वेस्टर आणि मायबाख यांनी माकडांवर पाहिले, तेव्हा द्रावणातून लावलेले सुमारे १९ टक्के डीडीटी कातडीतून आत गेले; तेच मातीत मिसळून लावले तेव्हा जेमतेम ३ टक्के. माती विषाला धरून ठेवते. आपल्या रेगूर मातीत फुगणारी चिकणमाती भरपूर, तेव्हा ती अशा द्रव्यांना सहजी सोडत नसणार, असा माझा कयास. म्हणजे शेतात अनवाणी चालणाऱ्याने फवारणाऱ्याइतके घाबरण्याचे कारण नाही.

पण हीच माती पावसात पायाला ढेकळांसारखी चिकटते. विष देतो तो कातडीला टेकलेला पातळ थरच, हे खरे. तरी तो निंदणाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत अंगावर असतो. शिवाय त्याच हाताने भाकर मोडली की कातडीने अडवलेले विष पोटात जाते. धातूंच्या बाबतीत तर तोंडाचा रस्ताच मोठा: अमेरिकेची पर्यावरण संस्था मातीतल्या कॅडमियमचा कातडीतून जाणारा वाटा हजारात एक एवढाच धरते.

म्हणून उपाय एकच सांगितला जातो, साबणाने धुवा. पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात हे सांगणे सोपे, करणे अवघड. विहिरीचे पाणी खारे, त्यात साबणाला फेस येत नाही. पिण्याचे गोडे पाणी हातपाय धुण्यासाठी कोण काढील? डब्यावर सुरक्षेच्या सूचना बारीक अक्षरांत छापणाऱ्यांनी या पाण्याचा हिशेब कधी केलेला नाही.

आणि वेचणाऱ्या बायांचे काय? हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा वेचणी सुरू असेल. बाई कमरेला ओटी बांधते आणि वेचलेला कापूस तासन्तास पोटाला टेकून राहतो. बोंडांवर, पानांवर शेवटच्या फवारणीचा जो अंश उरला असेल, तो त्या कापडात उतरतो. पोटाची कातडी, वरचेच आकडे पाहा, हाताच्या दुप्पट शोषते. त्यांच्यासाठी कोणी हातमोजेही काढलेले नाहीत, आणि संध्याकाळी ती ओटी घरच्या कपड्यांतच धुवायला पडते.